आउट पंच राहिला

"रंगनाथराव, मेलेला माणूस दर आठवड्याला हजेरी लावतो. कायद्यात याला काय म्हणतात?" धनराजशेठने फोनवर विचारलं आणि स्वतःच हसला.

मला हसू आलं नाही. वय एकसष्ट, पोटात सकाळपासून नुसता चहा आणि समोर अर्धवट लेख. नाशिकच्या एका दैनिकात मी 'हजेरीपट' नावाचं सदर लिहितो. कामगार कायद्याच्या बातम्या, कोर्टाचे निकाल आणि त्यावर माझी टिप्पणी. वाचणारे दोन प्रकारचे. कामगाराला कुठं धरायचं ते शोधणारे मालक आणि मालकाला कुठं धरायचं ते शोधणारे कामगार. दोघंही मला आपला समजतात. सदरावर पोट भरत नाही, म्हणून सातपूरच्या चार-पाच कारखान्यांना सल्ला देतो, आणि त्यांत धनराजशेठ सगळ्यात मोठा.

"कोण मेलेला?" मी विचारलं, पण उत्तर मला ठाऊक होतं.

"मोतीराम. दुसरं कोण?"

चार महिन्यांपूर्वी एका मंगळवारी शेठच्या कारखान्यात साखळी तुटली आणि पत्र्यांचा गठ्ठा एका कंत्राटी कामगारावर पडला. हरसूलकडचा माणूस होता, कागदावर नाव मोतीराम. पंधरा दिवसांनी शेठने मला विचारलं होतं, "ते गेटवरचं चेहरा ओळखायचं मशीन आहे ना, त्यातली जुन्या लोकांची माहिती किती दिवस ठेवायची? खाजगी माहितीचा नवा कायदा आलाय म्हणतात." मी म्हणालो, थांबा, लेखच लिहितो. लिहिला. माणसाचा चेहरा ही तुमची मालमत्ता नव्हे, काम संपलं की पुसून टाका, असं खडसावून लिहिलं. लेख झकास झाला. त्यात शेवटी एक ओळ होती. 'मात्र अपघात, तक्रार किंवा दावा उभा असेल, तर एक अक्षरही पुसू नका.'

त्या दिवशी पानावर कुठल्याशा क्लासची जाहिरात आली आणि जागा कमी पडली. माझं लिखाण टाईप करणारी पल्लवी म्हणाली, "सर, दहा-बारा शब्द कापा." मी ती ओळ दाखवली. "ही?" तिने माझ्याकडे बघितलं. "हीच," मी म्हणालो. जागा कमी होती हे खरं. पण त्या लेखात कापण्याजोगं बाकी पुष्कळ होतं, आणि हीच ओळ का कापली ते मला पक्कं माहीत आहे.

शेठने तो लेख फ्रेम करून ऑफिसात लावला आणि दुसऱ्याच दिवशी सगळी माहिती पुसली. तेव्हापासून मला झोप नीट लागत नव्हती. पल्लवीने पुन्हा कधी तो विषय काढला नाही, पण माझा कुठलाही लेख टाईप करून झाला की ती आता विचारायची, "सर, काही कापायचंय?" साधाच प्रश्न. मी तिच्याकडे न बघता 'नाही' म्हणायचो.

त्या फोननंतरच्या मंगळवारी मी सातपूरला गेलो. कारखान्याच्या छोट्या गेटशी पत्र्याची शेड आणि भिंतीवर ते मशीन. समोर उभं राहिलं की एका बाईचा गोड आवाज यायचा, 'अमुक, आपले स्वागत आहे.' संध्याकाळी जाताना, 'धन्यवाद, अमुक. सांभाळून घरी जा.' सुरक्षा सप्ताहात शेठने हौसेने भरून घेतलेली वाक्यं. आता त्या मशीनला लिंबू-मिरची बांधली होती, आणि लोक रांगेत उभे राहताना नजर खाली घालत होते.

शेठने मला कागद दाखवला. मशीन स्वस्तातलं, हजेरीच्या वेळचा फोटो साठवायचं नाही, फक्त नाव आणि वेळ छापायचं. अपघाताच्या दिवशी मोतीराम, आत, आठ वीस. बाहेरच्या रकान्यात काहीच नाही. पुढच्या महिन्यापासून दर मंगळवारी पुन्हा तेच नाव. आत, दहा बेचाळीस. आत, दहा अडतीस. आत, दहा चव्वेचाळीस. बाहेरचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

"एकदा शांती केली," शेठ म्हणाला. आता तो हसत नव्हता. "दोन वेल्डर काम सोडून गेले. तुम्ही काहीतरी बघा."

साडेदहाला मी गेटकडे गेलो. पाळी सुरू होऊन दोन तास झाले होते, शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं. वॉचमन रावजी केबिनमध्ये बसून मुद्दाम भलतीकडे बघत होता. मी आतल्या बाजूला पत्र्याच्या आडोशाला उभा राहिलो. ऊन होतं, प्रेसचे ठोके ऐकू येत होते, आणि मी स्वतःला बजावत होतो की मी नामपूरच्या कांदेवाल्याचा पोर आहे, भुताबितांना भीत नाही.

"मोतीराम, आपले स्वागत आहे."

मी पत्र्याला चिकटलो, खोटं कशाला सांगू. आवाज अगदी नेहमीचा होता, गोड, आदबशीर, आणि त्याचंच भय वाटलं. 'हाई काय शे?' मी पुटपुटलो. घाबरलो की मला गावची अहिराणी बोली आठवते. मला वाटलं, मी कापलेली ओळ आता माझ्यापुढे येऊन उभी राहणार.

मग डोक्यातला कायदेवाला जागा झाला. पुसलं म्हणतात, तर ओळखलं कुणी? मशीनला चेहरा ठाऊक असल्याशिवाय ते नाव घेत नाही. म्हणजे शेठने ऑफिसच्या कॉम्प्युटरमधून पुसलं होतं. मशीनच्या पोटात तो चेहरा तसाच होता.

मी आडोशातून बाहेर आलो. मशीनसमोर एक बाई उभी होती. तिशीची असेल, ठेंगणी, पायात झिजलेली चप्पल. दोन्ही हातांनी छातीशी एक मोठा केलेला, प्लास्टिकचं आवरण चढवलेला फोटो धरला होता. बरोबर मशीनच्या उंचीला येण्यासाठी ती टाचा उचलून उभी होती.

रावजी धावत आला. "साहेब, तिला हाकलू नका. मीच सोडतो तिला. शेठला सांगू नका, माझी नोकरी जाईल."

"मोतीरामची बायको?" मी विचारलं.

"नाय," ती बाई म्हणाली. "मोतीराम माजे थोरले दीर. ते घरी हायत. जित्ते हायत."

"मग फोटोतला कोण?"

"आरोहीचा बाप."

रावजीने हळूच सांगितलं, "लखन, साहेब. ही त्याची बायको, नवसाबाई. त्यांच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत."

आम्ही केबिनमध्ये बसलो आणि सगळं उलगडलं. कारखान्यात आधी खरंच मोतीराम होता, पाच वर्षं. दोन वर्षांपूर्वी त्याची कंबर गेली. कंत्राटदार म्हणाला, धाकट्याला पाठव, नाव तुझंच चालू दे, नवे कागद करायची कटकट कुणी करायची? डोंगरातल्या माणसांना यात वावगं वाटलं नाही. लावणीच्या दिवसांत एक भाऊ गावी जातो, दुसरा त्याच्या जागी उभा राहतो, काम घराचं असतं, एकट्याचं नसतं. लखन आला आणि मोतीराम म्हणून राबू लागला. मग चेहऱ्याचं मशीन आलं आणि लखनचा चेहरा मोतीरामच्या नावावर चढला. दवाखान्याच्या कागदावर, मृत्यूच्या दाखल्यावर, सगळीकडे मोतीरामच मेला.

"दिरांचं नाव रेशनमधनं गेलं," नवसाबाई म्हणाली. "जावंला कारखान्याचा मानूस म्हनतो, नवरा मेला म्हनून सही कर. ती म्हनती, माजा नवरा अंगनात बसलाय, सही कशी करू? आन माजा कागदावर जित्ता हाय. ग्रामसेवक म्हनतो, पळून गेला आसंल तुजा, सोदून आन."

"मग लेबर ऑफिसात जायचं. इथे मशीनला फोटो दाखवून काय होणार?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच अडाणी.

"त्याचा आउट राहिलाय, साहेब."

मला कळलं नाही.

"त्यो घरी आला की सांगायचा. आउट केल्याबिगर कुनाला सोडत नाय. आउट नसला तर दिवस धरत नाय. त्या दिवशी त्यो आत गेला, त्याचा आउट झाला नाय. गाडीत घालून नेला, पर मशीनीनं त्याला सोडला नाय. पोरीच्या सपनात येतो. म्हनतो, सुट्टी झाली नाय अजून." तिने फोटोवरची धूळ पदराने पुसली. "म्हनून येते. आउट करून त्याला घरी न्याया."

"पण ते तर दर वेळी स्वागत म्हणतं."

"हां. मंग परत दावते. तर म्हनतं, नोंद झाली हाय."

रावजी म्हणाला, "चार तासांच्या आत दुसरा पंच घेत नाही ते, साहेब. आणि हिला एकची गाडी धरावी लागते. पोरगी शाळेतून येते, घरी कोणी नसतं."

नवसाबाईने फोटो मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "मी त्याला न्याया येते, आन दर बारीला आत घालून जाते."

माझ्या आयुष्यात मी शेकडो निकाल वाचले. इतकं कानाखाली वाजवणारं वाक्य कुठल्याच न्यायमूर्तीने लिहिलेलं मला आठवत नाही.

शेठला मी सगळं सांगितलं. बाई कोण, तेवढं खरं सांगितलं, रावजीचं नाव घेतलं नाही. शेठचा चेहरा आधी सुटला, भूत नाही म्हणून. मग पुन्हा आवळला.

"म्हणजे मशीनमध्ये अजून आहे?"

"आहे. आणि तोच पुरावा आहे, की मेला तो लखन."

"मग उद्या नवं मशीन आणतो. हे भंगारात." त्याने भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. "तुमच्याच लेखाप्रमाणे, रंगनाथराव. काम संपलं की पुसून टाका."

माझा राग मला लहानपणापासून नडत आला आहे. त्या दिवशी पहिल्यांदा तो वेळेवर आला. मी खुर्चीवर चढलो, फ्रेम काढली, काखेत मारली आणि चालू लागलो. शेठ ओरडत होता. शेठमाणूस ओरडला की समजावं, त्याला कायदा समजलाय.

दुपारपर्यंत पल्लवीने नवसाबाईच्या नावाने अर्ज तयार केला, मी तो कामगार कार्यालयात नेऊन दिला आणि त्याची एक प्रत शेठच्या ऑफिसात पोच घेऊन दिली. खाली एकच ताकीद होती, मशीनला हात लावाल तर पुरावा नष्ट केल्याचं उत्तर द्यावं लागेल. शेठकडचं माझं काम त्याच दिवशी सुटलं. संध्याकाळच्या पानासाठी मी छोटा लेख दिला. 'मागे एका लेखातून मी एक ओळ कापली होती. ती अशी.' पल्लवीने टाईप केलं आणि या वेळी काही विचारलं नाही. माझ्यासमोर चहा ठेवला, आणि मला रडू आलं.

शुक्रवारी कार्यालयातून यादवसाहेब आले. तरुण, शिस्तीचा अधिकारी. नवसाबाईबरोबर मोतीराम आला होता, कंबरेला पट्टा, हातात काठी. भावाची चेहरेपट्टी होती, पण हा रुंद हाडाचा आणि वाळलेला. शेठ लांब उभा राहिला. पंचनाम्यासाठी दोन साक्षीदार बसवले गेले.

आधी मोतीरामला मशीनसमोर उभं केलं. मशीनने त्याला न्याहाळलं. 'नोंद आढळली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' पुन्हा उभं केलं. पुन्हा तेच. 

"मी यात नाय," तो म्हणाला. "लिव्हा साहेब. मी जित्ता हाय. चार महिनं मला कुनी लिव्हून देईना." आणि तो शेडमध्येच खाली बसला, धाय मोकलून रडला. भाऊ गेल्यावर त्याला रडायलाही मिळालं नव्हतं. कागदावर मेलेला माणूस कुणासाठी रडणार?

मग नवसाबाईने टाचा उचलल्या आणि फोटो धरला.

'मोतीराम, आपले स्वागत आहे.'

दहा वाजून एकेचाळीस मिनिटं. यादवसाहेबांनी लिहून घेतलं. "फोटो कुणाचा?" त्यांनी विचारलं. "आरोहीचा बाप," ती म्हणाली. "नाव?" तिने मोतीरामकडे बघितलं. मोतीरामने खालूनच सांगितलं, "लखन. माजा धाकटा."

पंचनामा झाला. मोतीराम या नावावर चढलेला चेहरा लखनचा आहे, खरा मोतीराम मशीनला अनोळखी आहे. त्यावर सह्या झाल्या. दाखल्यावरचं नाव बदलायला आता कुणाची आडकाठी चालणार नव्हती. यादवसाहेबांनी मशीनची वायर काढायला हात घातला आणि नवसाबाईने ती वायर धरली.

"साहेब, आत्ता त्यो आत गेला. आसाच न्याल तर बाहेर कसा येनार?"

यादवसाहेबांना काही कळेना. मी त्यांना बाजूला घेऊन चार वाक्यांत सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. "मला दोन वाजता अंबडला जायचंय, रंगनाथराव. आणि हे पुराव्यात भर घालणं झालं. तुम्हीच लिहिता ना असं?"

तेच तर लिहितो. तीस वर्षं हेच लिहीत आलोय. 

"साहेब, पंचनाम्यात आत जाण्याची चाचणी झाली, बाहेर जाण्याची नाही. मशीन दोन्ही वेळेला तोच माणूस ओळखतं का, हे न तपासता सील केलं तर चाचणी अर्धवट राहते. समोरचा वकील पहिलं बोट त्याच्यावर ठेवेल."

"असा नियम आहे?"

"लिहिलेला नाही," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले, मग नवसाबाईकडे, मग तिच्या मुठीतल्या वायरीकडे. त्यांनी फोन काढला, अंबडला कळवलं की उशीर होईल, आणि रावजीच्या केबिनमधली खुर्ची ओढून बसले. मी चहा मागवला.

चार तास आम्ही त्या शेडमध्ये बसलो.  हरसूलला शेजारणीला फोन करून आरोहीला जेवू घालायला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत कामगार बाहेर आले, आणि कसं कळलं कोण जाणे, पण कळलं. ते डबे न उघडता भिंतीला टेकून उभे राहिले. एक जण म्हणाला, "आम्ही दोन वर्षं त्याला मोतीराम म्हणायचो. तो ओ द्यायचा." दुसरा म्हणाला, "कधी कधी द्यायला उशीर करायचा. आम्ही म्हणायचो, बहिरा आहे." सुट्टी संपल्यावरही कुणी आत गेलं नाही. आत प्रेसचे ठोके थांबलेलेच होते, आणि मला सारखं वाटत होतं की आत यंत्रांच्या रांगांमधून कुणीतरी हात धुऊन, घाम पुसून, सुट्टीची वाट बघतंय. मला हे लिहायला लाज वाटत नाही. त्या दिवशी तिथल्या प्रत्येकाला ते वाटत होतं, शेठलाही. तो ऑफिसात जाऊन बसला नाही, उन्हात उभा राहिला.

दोन वाजून बेचाळीस मिनिटांनी नवसाबाई उठली. पदर नीट केला, टाचा उचलल्या आणि फोटो वर धरला. मशीनला या वेळी जरा जास्त वेळ लागला. 

'धन्यवाद, मोतीराम. सांभाळून घरी जा.'

तिने फोटो खाली घेतला. आमच्याकडे न बघता ती आतल्या बाजूला, त्या रिकाम्या रस्त्याकडे वळली. ओठ हलले, पण आवाज येईना. मग आला.

"लखन," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा घेतलेलं नाव, म्हणून जरा मोठ्यानेच आलं. "लखन, चला. सुट्टी झाली."

गेटच्या तोंडाशी उभे असलेले कामगार कुणी न सांगता दोन्ही बाजूंना सरकले. ती फोटो उराशी धरून बाहेर पडली, मागून काठी टेकत मोतीराम. यादवसाहेबांनी वायर काढली आणि मशीन कापडात बांधलं. मी त्या दोघांबरोबर त्र्यंबक रोडच्या थांब्यापर्यंत गेलो.

हरसूलची गाडी तासाभराने आली. गर्दी नव्हती. दोघं चढली आणि दोन जणांच्या बाकावर बसली, ती खिडकीशी आणि मोतीराम कडेला. मी खाली खिडकीजवळ उभा होतो. कंडक्टर आला. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे त्याने न विचारताच म्हटलं, "एक हाफ, एक फुल?"

"एक हाफ, दोन फुल," नवसाबाई म्हणाली.

कंडक्टरने मागे बघितलं, खाली माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी येणार नव्हतो. "दुसरा फुल कुठाय?"

 मोतीराम काठीवर जोर देऊन, दातओठ खात, कंबर सावरत उठला.

"हाय," तो म्हणाला. "द्या तुमी."

कंडक्टरने तिकिटं फाडली. गाडी सुटली. पुढच्या वळणापर्यंत मला दिसत होतं, मोतीराम दांडीला धरून उभाच होता आणि तिच्या शेजारची जागा त्याने मोकळी सोडली होती.